डावीकडून आलेली माणसं

आमच्या माळ्यावर निम्मा महाराष्ट्र रचून ठेवलेला आहे. कुणाचा चकलीचा सोऱ्या, कुणाचं पुरणयंत्र, कुणाच्या लोणच्याच्या बरण्या, सोलापूरकडच्या कुणाची ज्वारीच्या पिठाची परात. मी कोलकात्यातच जन्मले, इथेच वाढले आणि इथल्याच एका शाळेत गणित शिकवते. वडील नोकरीसाठी इकडे आले ते परत गेलेच नाहीत. त्यामुळे बदलीवर येणाऱ्या मराठी मंडळींच्या लेखी मी इथली कायमची. ती मंडळी येतात, इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटतात, घरोबा होतो, आणि तीनेक वर्षांत बदलीचा हुकूम निघतो. मग ट्रकमध्ये न मावणारं, किंवा तिकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं म्हणून न्यायची गरज नसलेलं सगळं एका खोक्यात भरून माझ्याकडे येतं. या रिवाजाला नाव नाही. "तुझा खोका काढून ठेवलाय" एवढंच म्हणतात.

खोका घ्यायला मला आवडतं आणि त्याचा रागही येतो. कोकम, गोडा मसाला, मेतकूट यांचा कोण आनंद. पण खोका आला म्हणजे माणूस चाललं. इतक्या वर्षांत मी किती जणींना हावड्याला गाडीत बसवून आले असेन, आणि घरी येऊन त्यांच्याच बरणीतलं लोणचं वाढून घेतलं असेल. रडू आलं तरी जेवण अडत नाही, हे मला फार लवकर कळलं.

अशाच एका खोक्यातून आलेल्या औषधापायी माझ्या डाव्या डोळ्याची बरीचशी नजर गेली. खोका ज्या मैत्रिणीचा होता तिला हे सांगायचं की नाही, हा पेच पुढे पडला, आणि तो मी सोडवला तो असा, की डोळ्यापेक्षा मला आज त्याचंच जास्त वाईट वाटतं.

ती नागपूरची. नवरा बँकेत. आमच्या समोरच्या इमारतीत बँकेचे फ्लॅट होते, तिथे राहायला आली. आल्या आठवड्यातच माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "इथे लोक भातावर भात खाऊन राहिले, तू पोळ्या कुठल्या गव्हाच्या करते?" मी फटकळ, ती माझ्याहून फटकळ, त्यामुळे जमलं. संध्याकाळी शाळेतून आले की तिचा चहा आणि माझा वैताग असा आमचा कार्यक्रम असे.

दुसऱ्या वर्षी तिचा डोळा आला. म्हणजे सगळ्यांना तसं वाटलं. कोलकात्यात डोळा लाल झाला की कामवालीपासून औषधाच्या दुकानदारापर्यंत सगळे एकच निदान करतात, "जॉय बांग्ला." बांगलादेशाच्या युद्धाच्या वेळी सीमेपलीकडून माणसांचे लोंढे आले, त्याच सुमारास डोळ्यांची साथ आली, तेव्हापासून साथीला हे नाव पडलं ते पडलंच. गॉगल लावायचा, टॉवेल वेगळा ठेवायचा, दुकानातून थेंब आणायचे आणि चार दिवस घरात बसायचं. तिने सगळं केलं. डोळा काही पांढरा होईना. चिकटा नाही, खाज नाही, पण खिडकीचा पडदा सरकवला की ती कळवळायची. दोन्ही नाही, एकच डोळा. शेवटी मी तिला ओढत डोळ्यांच्या इस्पितळात नेलं.

तिला बंगाली येत नव्हतं, म्हणून मी दुभाषी. डॉक्टरीणबाई आमच्याच वयाच्या, बोलायला शांत. त्यांनी हनुवटी टेकवायच्या यंत्रामागून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हे जॉय बांग्ला नाही. साथ डोळ्याच्या वरच्या कातडीला येते. यांच्या डोळ्याच्या आत सूज आहे." बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला सूज येते, आतल्या पाण्यात पेशी तरंगायला लागतात, दुर्लक्ष केलं तर तो पडदा मागच्या भिंगाला चिकटतो. थेंब स्टिरॉइडचे. सुरुवातीला तासातासाला, मग हळूहळू कमी करत जायचे, एकदम थांबवायचे नाहीत, आणि मधूनमधून डोळ्याचं प्रेशर तपासायला यायचं.

मी हे सगळं मराठीत नीट सांगितलं. शिकवायची सवय आहे, फोड करून सांगितलं. मैत्रीण म्हणाली, "म्हणजे थेंब टाकायचे ना? मग एवढं भाषण कशाला देऊन राहिली?"

थेंबांनी जादू केली. डोळा निवळला. तपासणीला ती दोनदा गेली, तिसऱ्या वेळी जायचं होतं तेव्हा घरात ट्रकवाला भाव सांगत उभा होता. नागपूरचीच बदली मिळाली होती, म्हणजे तिच्यासाठी सोन्याचा दिवस. "आता काय ते तिकडेच दाखवीन," ती म्हणाली. बदलीवरची माणसं असंच जगतात. दात, गुडघा, मुलीचं लग्न, सगळं काही गावी गेल्यावर.

तिच्या खोक्यात सांडगे होते, तिखट होतं, एक लोखंडी तवा होता, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या थेंबांच्या दोन सीलबंद बाटल्या होत्या. ती म्हणाली, "फ्रीजमध्ये ठेव. इथल्या हवेत कधी डोळा धरला तर तुला त्या इस्पितळाच्या रांगेत बसायला नको. तुला रांगेचा किती राग येतो, मला माहीत आहे." हे ती रडत रडत सांगत होती. माझ्या स्वभावाचा इतका बारीक विचार करून कुणी मला काही दिल्याचं मला आठवत नाही.

पुढच्याच पावसाळ्यानंतर, पेपर तपासायच्या दिवसांत, माझा डावा डोळा लाल झाला. दिव्याकडे बघवेना. भुवईच्या आत काहीतरी ठसठसत होतं. दुकानदार म्हणाला, "दीदी, जॉय बांग्ला." मी मनातल्या मनात हसले. जॉय बांग्ला नव्हे हे मला चांगलं माहीत होतं. चिकटा नाही, खाज नाही, एकच डोळा, उजेड सहन होत नाही. मी मैत्रिणीला फोन केला. "अगं, टाक ना मग," ती म्हणाली, "त्याच्यासाठीच तर ठेवलेत." टाकले. तासातासाला, मग कमी करत. तिच्यासाठी जे मराठीत सांगितलं होतं ते सगळं पाळलं, एक सोडून. इस्पितळात गेले नाही. काही दिवसांत डोळा स्वच्छ.

गंमत अशी की माझं निदान अगदी बरोबर होतं. तोच आजार, तेच औषध. चुकीचं निदान असतं तर औषध लागू पडलं नसतं, डोळा दुखत राहिला असता आणि मी झक मारत डॉक्टरकडे गेले असते. बरोबर निघालं म्हणून गेले नाही.

ती सूज पुन्हा पुन्हा येत राहिली. दोन्ही बाटल्या संपल्या, मग रिकामी बाटली दाखवली की दुकानदार नवी द्यायचा, चिठ्ठी कधी मागितली नाही. पुढे पुढे मी डोळा लाल व्हायची वाटही बघेनाशी झाले. जरा जड वाटलं की एक थेंब. अशी दोनेक वर्षं गेली. सकाळी उठल्यावर कंबरही धरलेली असायची, तासभर हालचाल केली की सुटायची. तिचं खापर मी कोलकात्याच्या दमट हवेवर फोडलं होतं. इथे राहणारा प्रत्येक मराठी माणूस प्रत्येक दुखण्याचं खापर दमट हवेवर फोडतो.

मग संक्रांत आली. मंडळाचं हळदीकुंकू एका शाळेच्या हॉलमध्ये असतं. मी तिळगूळ वाटत होते, बोलत होते, हसत होते. चार दिवसांनी नवऱ्याने विचारलं, "तू त्या नव्या बाईंशी असं का वागलीस? त्यांनी तिळगूळ द्यायला हात पुढे केला, आणि तू सरळ पुढे निघून गेलीस. त्यांचे यजमान मला ऐकवत होते." मी त्या बाईंना पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, कुठे होत्या त्या? तर म्हणे, तुझ्या डावीकडे, अगदी हाताच्या अंतरावर.

मग एकेक आठवायला लागलं. वर्गात डाव्या रांगेतल्या मुली म्हणायच्या, मिस आमच्याकडे बघतच नाहीत. जिन्यात शेजारीण हसली तरी मी हसले नाही म्हणून तिने बोलणं टाकलं होतं. गडियाहाटच्या फूटपाथवर मी एका फेरीवाल्याच्या मांडणीत पाय घातला होता आणि वर त्यालाच झापलं होतं. उजवा डोळा हाताने झाकून मी समोर पाहिलं. मधलं कॅलेंडर दिसलं. त्याच्या बाजूचं दार, दाराशेजारची खुर्ची, खुर्चीत बसलेला नवरा, काही नाही. काळोखही नाही. तिथे नुसतं काही नव्हतंच. मधली नजर शाबूत होती म्हणून पुस्तक वाचता येत होतं, पेपर तपासता येत होते, आणि म्हणून मला पत्ता लागला नव्हता.

त्याच डॉक्टरीणबाई. त्यांनी मला ओळखलं. एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं आणि ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं, अशी एक परीक्षा असते. मी आयुष्यभर परीक्षा घेत आले, त्या परीक्षेत डाव्या डोळ्याने नापास झाले. बटण हातात घेऊन वाट बघत बसायचं, आणि यंत्राचा खटका ऐकू येऊनही ठिपका दिसायचा नाही. फार अपमान वाटला.

बाई म्हणाल्या, "सूज तुम्ही ओळखलीत. ती दुखते. हे थेंब काही जणांच्या डोळ्यातलं प्रेशर वाढवतात, ते दुखत नाही. मागची नस दबत जाते. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राखायची आहे." माझं सगळं गणित या एका न दुखणाऱ्या गोष्टीपाशी चुकलं होतं. मग त्यांनी विचारलं, "सकाळी कंबर धरते का?" मला वाटलं बाई चुकून दुसऱ्या कुणाची फाईल बघताहेत. पण रक्त तपासलं, फोटो काढले, आणि कंबर आणि डोळा एकाच घरचे निघाले. शरीर स्वतःवरच उलटलं होतं, मणक्यातही आणि डोळ्यातही. मैत्रिणीचं मला लागलं का, असं मी विचारलं, तर त्या हसल्या. "हे कुणाचं कुणाला लागत नाही. त्यांचं कारण सापडलंच नव्हतं, तुमचं हे आहे."

आता माझं पथ्य आहे ते असं. प्रेशरचे थेंब रोज रात्री, न चुकता. सुजेसाठी गोळ्या, सांध्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. डोळा लाल झाला, जड वाटला, उजेड टोचला तर त्याच दिवशी इस्पितळ, मग रांग असो की काहीही असो. रांगेत बसून मी आता पेपर तपासते. इतकं साधं होतं ते.

थेंब कुणी दिले, असं बाईंनी विचारलं तेव्हा मी दुकानदाराचं नाव पुढे केलं. त्यांनी लिहून घेतलं आणि सहज म्हणाल्या, "तुमच्या त्या मैत्रीण पुन्हा आल्याच नाहीत. तिकडे प्रेशर तपासून घेतात ना?"

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. नवरा म्हणाला, "तिला काही सांगू नकोस. तुझी नजर काही परत येणार नाही, ती मात्र जन्मभर जिवाला लावून घेईल." तो चुकीचं बोलत नव्हता. मीही बरेच दिवस तेच धरून बसले. तिचा फोन यायचा, मुलीची स्थळं, नागपूरचं ऊन, संत्री. मी हं हं करायची. मग एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "माझा डोळा अजून मधूनच धरतो गं. पण एक थेंब टाकला की झालं. आपल्याला आता डॉक्टरची काय गरज?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, थेंब, प्रेशर, नस, परत न येणारी नजर. म्हटलं, उद्याच्या उद्या जा आणि दाखव. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या बाटल्यांमुळे झालं?"

इथे मी छे गं म्हणायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण मी तिला ओळखत होते. छे गं म्हटलं असतं तर ती हसली असती, तू ना उगाच घाबरवते म्हणाली असती, आणि रात्री पुन्हा एक थेंब टाकून झोपली असती. तिला इस्पितळापर्यंत ढकलायला दुसरं काही पुरलं नसतं. मी म्हटलं, "हो."

तिने फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात तिच्या मुलीचा मेसेज आला. "मावशी, आईचं प्रेशर खूप वाढलेलं निघालं. नशिबाने नजर शाबूत आहे. औषध बदललंय. थँक यू." मी तो वाचून स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदाने रडले असं म्हणायला आवडेल, पण मेसेज मुलीचा होता, तिचा नव्हता, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

त्यानंतर तिचा फोन नाही. मी केला तर तिचा नवरा उचलायचा, ती अंघोळीला गेलेली असायची, नाहीतर देवळात. दिवाळीला शुभेच्छा आल्या, त्या दोघांच्या नावाने, त्याच्या फोनवरून. मीही मानी आहे. नंतर नंतर मीही करेनाशी झाले. वाटायचं, मी नजर घालवून बसले आणि रुसली ती. आता कळतं, ती रुसली नव्हती, तिला माझ्यासमोर यायला तोंड नव्हतं. पण तेव्हा रागाच्या भरात इतका विचार कोण करतो.

या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला ती दोघं पुरीला निघाली होती. कोलकात्यात एक दिवस मुक्काम होता आणि मंडळाच्या जुन्या मंडळींनी त्यांना हळदीकुंकवाला बोलावून घेतलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी हॉलमध्ये एका नव्या मुलीशी बोलत उभी होते, तिला कोकम कुठे मिळेल ते समजावत होते. आपल्याला एका बाजूचं दिसत नाही म्हणून मी हल्ली भिंत डावीकडे घेऊन उभी राहते. त्या दिवशी भिंतीजवळ चपलांचा ढीग होता, म्हणून मधेच उभी राहिले.

घरी येताना टॅक्सीत नवरा म्हणाला, "भेटलात ना शेवटी? बरं झालं."

"कोण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. ती आली होती, तो म्हणाला. हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून थेट माझ्याकडे आली, हातात तिळगुळाची वाटी होती. माझ्याजवळ येऊन उभी राहिली, बराच वेळ. त्याला वाटलं आम्ही बोलतोय. मग कुणीतरी त्याला चहाला बोलावलं आणि त्याने पाठ फिरवली. पुन्हा पाहिलं तेव्हा ती दोघं गेली होती, गाडीची वेळ झाली होती म्हणे.

कुठे उभी होती, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

मी लगेच फोन लावला. वाजत राहिला. तिला काय वाटलं असेल हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं, डोळे मिटूनही. इतक्या दिवसांनी धीर करून ती आली, हात पुढे केला, आणि मी तिच्याकडे न बघता कोकमाचा पत्ता सांगत राहिले. दुसऱ्या कुणी माझ्या दंडाला हात लावला असता, हाक मारली असती. तिने एके काळी अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी हाक मारलेली आहे मला. ती हाक मारायचा हक्क आपल्याला उरला नाही असं तिला वाटलं असणार, आणि तो मीच त्या एका शब्दाने काढून घेतला होता.

कोणता डोळा, हे तिने फोनवर विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. साधी गोष्ट, राहून गेली.

पुरीहून ती दोघं परस्पर नागपूरला गेली. फोन अजून कुणी उचलत नाही. मी मेसेज पाठवला आहे, लांबलचक, तो तिने पाहिला की नाही कळायला मार्ग नाही. तिच्या तव्यावर मी रोज पोळ्या करते. तिचे दोन्ही डोळे चांगले आहेत, ही गोष्ट मी रोज स्वतःला सांगते आणि ती खरीही आहे. पुन्हा तीच वेळ आली आणि पुन्हा तिने विचारलं, तर मी पुन्हा हो म्हणेन. फक्त तिने फोन ठेवायच्या आत एवढं सांगेन, की डावा डोळा आहे गं, येशील तेव्हा उजवीकडून ये.